विमान म्हणतं ‘मी इथे आहे’, ते खरं कशावरून?

मे महिन्यात सोलापुरात रात्री घरात झोपणं अवघडच. होटगी रस्त्याकडच्या आमच्या गच्चीवर संध्याकाळी पाणी मारायचं, फरशी निवली की सतरंज्या टाकायच्या आणि वारा सुटायची वाट बघायची, हा आमचा उन्हाळा. यंदा सुट्टीला आलेली भाची सातवीतून आठवीत गेलीय. तिच्या मोबाइलवर विमानं दाखवणारं ऍप आहे. नकाशावर पिवळी विमानं सरकतात, त्यावर बोट ठेवलं की कुठून कुठे चाललंय, किती उंचीवर आहे, सगळं दिसतं. सोलापूरवरून रात्री बरीच वर्दळ असते. मुंबई-हैदराबाद किंवा पुणे-हैदराबाद अशी सरळ रेघ मारली तर ती आपल्या थोडी उत्तरेकडून जाते.

त्या रात्री एक विमान बरोबर डोक्यावरून चाललं होतं. लुकलुकणारा दिवा दिसत होता. भाचीने मोबाइल वर धरला आणि म्हणाली, “मामा, मोबाइलमधलं विमान मागं पडलंय की.” थोड्या वेळाने घरघर ऐकू आली, तीही दिवा जिथे होता तिथून नाही, बरीच मागून. “आता कुठलं खरं धरायचं? डोळ्याला दिसतंय ते, कानाला येतंय ते, का मोबाइलवरचं?”

तिन्ही खरेच साक्षीदार, फक्त प्रत्येकाला उशीर वेगळा. उजेड लगेच पोचतो. ३५,००० फुटांवरून, म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटरवरून आवाज खाली यायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात विमान सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. मोबाइलवरची माहिती रिसीव्हर, इंटरनेट आणि सर्व्हर असा फेरा मारून येते, म्हणून मागं पडते.

तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. मी जमिनीच्या मोजणीची कामं करतो. सातबाऱ्यावर किती क्षेत्र लिहिलंय आणि बांधावर प्रत्यक्ष किती भरतंय, यातला फरक काढण्यात माझा दिवस जातो. आकाशातही हाच प्रश्न आहे. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर जो ठिपका दिसतो, त्यातली बरीचशी माहिती विमानाने स्वतःबद्दल स्वतःच सांगितलेली असते. तो सातबारा झाला. मोजणी कोण करतं?

आधी विमान काय सांगतं ते बघू. आजकालच्या बहुतेक प्रवासी विमानांवर एडीएस-बी नावाची यंत्रणा असते. विमान उपग्रहांकडून, म्हणजे जीपीएसवरून, स्वतःचं ठिकाण काढतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगतं. ठिकाणाचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा जातो. एक संदेश ११२ बिटांचा, सगळा मिळून १२० मायक्रोसेकंदांत संपतो. त्यात विमानाचा २४ बिटांचा कायमचा क्रमांक, उंची, अक्षांश-रेखांश असं सगळं बसवलेलं असतं.

ते बसवलंय कसं, हे मोजणीवाल्याला आवडेल असं आहे. पूर्ण अक्षांश-रेखांश पाठवायला जागा नाही, म्हणून विमान दोन प्रकारचे संदेश आलटून पालटून पाठवतं, एक सम आणि एक विषम. अक्षांशासाठी, सम संदेशात पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या वर्तुळाचे ६० भाग कल्पिले आहेत, विषममध्ये ५९. विमान आपण कितव्या भागात आहोत ते सांगतच नाही, फक्त भागाच्या आत कुठे आहोत तेवढं सांगतं. एकट्या संदेशावरून काही कळत नाही, पण दोन्ही शेजारी ठेवले की भाग कोणता ते आपोआप ठरतं. कोन मोजायच्या जुन्या थिओडोलाइटवरचं व्हर्नियर ज्यांनी वाचलंय, त्यांना हे लगेच उमगेल. दोन पट्ट्यांवरच्या खुणा किंचित वेगळ्या अंतराने मारायच्या आणि त्या कुठे जुळतात यावरून बारीक माप काढायचं, तीच युक्ती. यातून ठिकाण पाच-सहा मीटरपर्यंत नेमकं सांगता येतं.

आता अडचण. या संदेशावर सही नसते. तो गुप्त नसतो, आणि तो खरंच त्याच विमानाने पाठवलाय याचा कुठलाही पुरावा त्यात नसतो. शेवटचे २४ बिट तपासणीचे असतात खरे, पण ते वाटेत संदेश बिघडला का एवढंच सांगतात. खोटं बोलणाऱ्याने हिशोब नीट केला तर त्याचेही तपासणीचे बिट जुळतात. २०१२ साली लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत संशोधकांनी हे जाहीरपणे मांडलं होतं की, थोडक्या खर्चाच्या रेडिओ सामानावर आकाशात नसलेल्या विमानाचे संदेश तयार करता येतात.

हा झाला एक रोग, भुताचं विमान. दुसरा जास्त फसवा आहे. त्यात विमान प्रामाणिक असतं, पण त्यालाच कुणीतरी फसवलेलं असतं. जमिनीवरून कुणी उपग्रहासारखेच, पण जास्त जोरकस खोटे संदेश सोडले की विमानातला जीपीएस चुकीचं ठिकाण काढतो आणि विमान तेच ठिकाण मनापासून सगळ्यांना सांगतं. याला स्पूफिंग म्हणतात. नुसता गोंगाट करून जीपीएस बंद पाडला तर ते जॅमिंग. २०२३ च्या सप्टेंबरपासून इराक-इराणच्या आकाशात स्पूफिंगचे प्रकार वाढले. पूर्व भूमध्य समुद्रावर उडणारी विमानं नकाशावर बेरूतच्या विमानतळावर उभी दिसायला लागली. काही विमानांत तर उंच आकाशात असताना ‘जमीन जवळ आली, वर घ्या’ असे खोटे इशारे वाजले.

हे आपल्यापासून लांब नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने यावर परिपत्रक काढलं. मार्च २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, असे ४६५ प्रकार नोंदले गेले.

विमान आपल्या ठिकाणासोबत आपली खात्री किती आहे हेही सांगतं. ‘माझं खरं ठिकाण या जागेपासून इतक्या अंतराच्या आतच आहे’ असा एक आकडा संदेशांतून मिळतो. नियंत्रण यंत्रणा पहिली चाळण तिथेच लावते. ते अंतर फार मोठं, म्हणजे खात्री कमी असली की ते ठिकाण वापरायचं नाही. ही चाळण जॅमिंगला चांगली पुरते, कारण उपग्रह दिसेनासे झाले की विमान स्वतःच ‘माझा भरवसा नाही’ म्हणतं. स्पूफिंगमध्ये मात्र ही चाळण दगा देते. खोटे उपग्रह ठणठणीत ऐकू येत असतात, म्हणून खात्रीचा आकडाही उत्तम येऊ शकतो.

मला हे पुस्तकात वाचून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी एका पत्र्याच्या शेडलगत हद्दीचा कोपरा घेत होतो. आमच्या रोव्हरवर, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या काठीवरच्या यंत्रावर, दोन शब्द महत्त्वाचे, ‘फ्लोट’ आणि ‘फिक्स’. फ्लोट असेल तर थांबायचं, फिक्स आलं की बिंदू घ्यायचा. दुपारचे दोन वाजलेले, काठी उभी धरलेली, बुडबुडा मध्यात, पडद्यावर हिरवं ‘फिक्स’, चूक दीड सेंटिमीटर. बिंदू घेतला. सवयीप्रमाणे निघताना जुन्या माहीत असलेल्या दगडापासून टेपने अंतर ताडून बघितलं, तर चाळीस सेंटिमीटरचा फरक! पत्र्यावर आपटून आलेल्या लहरींनी यंत्राला चकवलं होतं, आणि यंत्र दीड सेंटिमीटरची ग्वाही देत होतं. शेतकरी शेजारीच उभा होता. ते चाळीस सेंटिमीटर त्याच्या बांधातून गेले असते. त्या दिवसापासून मी यंत्राच्या स्वतःच्या ग्वाहीला पुरावा मानत नाही. त्याला आतून नव्हे, बाहेरून ताडायचं.

आकाशात ‘बाहेरून’ म्हणजे काय?

जुना आणि खणखणीत मार्ग म्हणजे रडार. त्याचे दोन प्रकार. प्राथमिक रडार लहर सोडतं आणि विमानाच्या अंगावरून परतलेला प्रतिध्वनी ऐकतं. विमानाने काही बोलायची गरजच नाही, पण ते कोणतं विमान आणि किती उंचीवर, हे या रडारला कळत नाही. दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारतं, विमानावरचा ट्रान्सपॉन्डर १०९० वर उत्तर देतो. उत्तर यायला किती वेळ लागला यावरून अंतर आणि अँटेना कोणत्या दिशेला होती यावरून दिशा मिळते. म्हणजे ठिकाण रडारने मोजलेलं असतं, विमानाने सांगितलेलं नसतं. हा फरक छोटा वाटतो, पण सगळी गोष्ट त्यातच आहे. ओळख आणि उंची मात्र इथेही विमानच सांगतं.

न ताडलेल्या शब्दाची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाकस्तानच्या कंपन्यांची दोन विमानं हवेत धडकली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. दिल्लीत तेव्हा कामावर होतं ते प्राथमिक रडार. दोन ठिपके जवळ येताना दिसत होते, पण कोण किती उंचीवर हे पडद्यावर दिसत नव्हतं. उंचीसाठी आधार एकच, वैमानिक रेडिओवर सांगेल तो. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, सौदी विमानाला १४,००० वर. कझाक विमानाने १५,००० गाठल्याचं कळवलं आणि ते त्याखाली उतरत राहिलं. त्या विमानाचं म्हणणं खरं की खोटं, हे तपासायला नियंत्रकाच्या हातात काहीही नव्हतं. मी या तारखेला दरवर्षी त्या गावांचा विचार करतो. त्यानंतर भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि दिल्लीला दुय्यम रडार आलं.

रडार महाग असतं, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे त्याची नजर लांबवर खालपर्यंत पोचत नाही. २०० किलोमीटरवरच्या रडारला साधारण २३०० मीटरच्या खालचं विमान दिसतच नाही. सोलापूरसारख्या छोट्या विमानतळांना हे लागू पडतं. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, ९ जून २०२५ ला गोव्याचं पहिलं विमान उडालं. आता अशा गावोगावी विमानं उतरणार, आणि प्रत्येक ठिकाणी रडार बसवणं परवडणारं नाही. एडीएस-बीचा रिसीव्हर त्यामानाने स्वस्त, म्हणून जगाचा कल तिकडे आहे. मग ताडायचं कसं?

इथे मला सगळ्यात आवडणारी रीत येते. ती समजायला संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात असायला हवं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. समजा तुम्ही घरात आहात, आकाश दिसत नाही, फक्त धडाम ऐकू येतं. तुमचा एक मित्र रेल्वे स्टेशनपाशी आहे, दुसरा सात रस्त्याला. बार कधी उडाला हे तिघांपैकी कुणालाच माहीत नाही. पण तिघांनी आपापल्या घड्याळात ऐकल्याची वेळ टिपली आणि नंतर ताडली. तुम्हाला आवाज मित्रापेक्षा तीन सेकंद आधी आला, तर बार त्याच्यापेक्षा तुम्हाला सुमारे एक किलोमीटर जवळ उडाला, कारण आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. नकाशावर असे सगळे बिंदू जोडले की एक वाकडी रेघ मिळते, भूमितीत तिला अपास्त म्हणतात. तिसऱ्या मित्राच्या वेळेवरून दुसरी रेघ मिळते. दोन रेघा जिथे छेदतात तिथे बार उडाला. उंचीही काढायची तर चौथा मित्र हवा.

विमानाचा प्रत्येक संदेश असाच एक बार आहे. वेगवेगळ्या गावांतले रिसीव्हर तो ऐकतात आणि पोचल्याची वेळ टिपतात. संदेशात काय लिहिलंय ते बाजूला ठेवायचं, तो आला कुठून एवढंच वेळांवरून काढायचं. बोलणारा खोटं बोलू शकतो, पण आवाज कुठून आला ते लपवता येत नाही. याला मल्टिलॅटरेशन म्हणतात.

आकडे घालून बघू. समजा एक रिसीव्हर सोलापुरात, एक पंढरपुरात आहे. विमान म्हणतंय, मी तुळजापूरच्या वर दहा किलोमीटर उंचीवर आहे. तुळजापूर सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ४२ किलोमीटर, पंढरपूरपासून ८६. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तेव्हा विमान खरं बोलत असेल तर संदेश सोलापूरला पंढरपूरच्या साधारण १४५ मायक्रोसेकंद आधी यायला हवा. प्रत्यक्षात फरक १९ मायक्रोसेकंद आला तर? मग विमान तुळजापूरवर नाही. १९ हा फरक बार्शीच्या वरून आलेल्या संदेशाला जुळतो. दोनच रिसीव्हरांवर बार्शी नक्की ठरवता येणार नाही, पण तुळजापूर खोटं हे नक्की ठरलं. नवं ठिकाण शोधायला तीन-चार साक्षीदार लागतात, सांगितलेलं ठिकाण खोडून काढायला दोनही पुरतात.

भुताचं विमान याहून सोपं पकडलं जातं. ३५,००० फुटांवरचं विमान चहूबाजूंनी ३००-४०० किलोमीटरपर्यंतच्या अँटेनांना दिसतं. सोलापुरातल्या एखाद्या खोलीतून कुणी खोटे संदेश सोडले तर ते गावाबाहेर फार लांब पोचणार नाहीत. मग यंत्रणेने विचारायचं, एवढ्या उंचीवरचं विमान सोलापूरला ऐकू येतंय, तर पंढरपूर, बार्शी, लातूर गप्प का? न ऐकू येणं हीसुद्धा साक्ष आहे.

बाकीच्या तपासण्या साध्या आहेत, पण रोजच्या कामात त्याच जास्त पकडतात. मागचं ठिकाण आणि आत्ताचं ठिकाण यांतलं अंतर विमानाने सांगितलेल्या वेगाशी जुळतं का? तासाला ८५० किलोमीटर जाणारं विमान अर्ध्या सेकंदात सव्वाशे मीटरच्या आसपास सरकायला हवं. तेच एका क्षणात चाळीस किलोमीटर उडी मारून दिसलं तर ती उडी खोटी. हवेच्या दाबावरून काढलेली उंची आणि जीपीएसची उंची यांच्यात अचानक तफावत पडली तर संशय घ्यायचा, कारण दाब मोजणाऱ्या नळीला उपग्रहाशी काही देणंघेणं नाही. हळूहळू, अगदी बेताने सरकवलेलं खोटं मात्र या तपासण्यांतून निसटू शकतं.

आता मला खरं म्हणायचंय ते. साक्षीदार किती आहेत, यापेक्षा ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हे मोलाचं. पंचनाम्याला पाच पंच आणले आणि पाचही एकाच घरातले निघाले, तर त्या पंचनाम्याला अर्थ राहत नाही. मल्टिलॅटरेशनची गोम इथे आहे. सगळ्या रिसीव्हरांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्याही अंशापर्यंत जुळलेली हवीत, आणि ती जुळवायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता? जीपीएस. उपग्रहांवरची घड्याळं अणुघड्याळं असतात, म्हणून पुष्कळ यंत्रणा वेळ तिथूनच घेतात. म्हणजे ज्या जीपीएसने विमानाला फसवलं, त्यावरच तपासणाऱ्याचं घड्याळ चालतंय! खोटे संदेश विमानापुरतेच पोचले तर ठीक. रिसीव्हरांच्या गावापर्यंत पोचले तर पंचच फितूर होतात.

यावर उपाय आहेत. रिसीव्हरजवळ स्वतःचं पक्कं घड्याळ ठेवता येतं, जे जीपीएस गेला तरी काही काळ वेळ टिकवतं. दुसरा उपाय मला फार पटतो. माहीत असलेल्या जागेवर, उंच मनोऱ्यावर, एक ट्रान्सपॉन्डर कायमचा बसवायचा. तो अधूनमधून बोलतो. तो कुठे आहे हे आधीच मोजून ठेवलंय, तेव्हा त्याचा संदेश प्रत्येक रिसीव्हरला किती वेळाने पोचायला हवा ते माहीत असतं. तेवढा पोचला नाही, तर घड्याळ तेवढं चुकलंय. आमच्या मोजणीतला तो जुना दगडच.

आणि म्हणूनच सगळी रडारं काढून टाका, एडीएस-बीवर भागवा, असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटते. प्रतिध्वनी ऐकणारं रडार जुनाट असेल, अँटेना फिरायला काही सेकंद घेत असेल, पण ते उपग्रहाला विचारून दिशा ठरवत नाही. मोठ्या मार्गांवर दोन विमानांत रडारच्या भरवशावर पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर ठेवतात. ठिकाणातच दहा किलोमीटरची खोट असेल तर ते अंतर कागदावरच उरतं. तफावत दिसली की नियंत्रक त्या विमानाचं एडीएस-बी ठिकाण बाजूला ठेवतो, रडारवर धरतो, वैमानिकाला विचारतो, शेजारच्या विमानांतलं अंतर वाढवतो. रडारही नसेल तर वैमानिकाने ठरावीक खुणांवरून तोंडी सांगितलेल्या जागा आणि वेळा, ही जुनी रीत उरते.

हे सगळं भाचीला सांगायला तीन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, “मग गड्ड्याच्या वेळी आपण करूनच बघू की. तिघी मैत्रिणी तीन ठिकाणी मोबाइल घेऊन उभ्या राहतो, रेकॉर्डिंग करतो. पण मामा, तिघींची घड्याळं जुळवायची कशी?”

रात्रभर विचार करून सकाळी उत्तरही तिनेच आणलं. तिघींनी आधी एकत्र उभं राहून रेकॉर्डिंग सुरू करायचं, मध्ये एकदा जोरात टाळी वाजवायची आणि रेकॉर्डिंग बंद न करता आपापल्या जागी जायचं. नंतर तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये टाळीपासून पहिल्या बारापर्यंतचा वेळ मोजायचा. होम मैदानापासून तिन्ही जागांची अंतरं मी टोटल स्टेशनने, म्हणजे आमच्या मोजणीच्या यंत्राने, काढून देणार आहे, पण तिने घातलेली अट अशी की, त्यांचं उत्तर निघेपर्यंत ती मी सांगायची नाहीत.